टाकीतला ऊस

बीड जिल्हा म्हटलं की बाहेरच्या लोकांना दोनच गोष्टी आठवतात, दुष्काळ आणि ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल घेतलेले कोयते (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी) पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. जिल्ह्यातही कारखाने आहेतच. गढीचा जय भवानी, तेलगावचा माजलगाव, अंबाजोगाईचा अंबासाखर, परळीजवळचा वैद्यनाथ... पण तोडलेल्या सगळ्याच उसाची आता साखर होत नाही. त्यातला काही भाग इथेनॉल होऊन आपल्या गाडीच्या टाकीत येतो.

बऱ्याच जणांना हे नवं खूळ वाटतं. तसं ते नाही. भारताने १९४८ सालीच 'पॉवर अल्कोहोल'चा कायदा केला होता. मळीपासून काढलेलं अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळायची त्यात तरतूद होती. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, मराठवाडा मोकळा झाला तो त्याच वर्षी सप्टेंबरात. पुढे हा कायदा कागदावरच पडून राहिला आणि २००० साली तो रद्द झाला. गंमत बघा, लगेच २००१ मध्ये मिरज आणि मनमाडला पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायचा प्रयोग सुरू झाला! २००३ पासून नऊ राज्यांत ही मिसळण लागू झाली. २०२२ मध्ये ती देशभरात १० टक्क्यांवर गेली आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोचली.

आता गाडीवेड्या पोरांचा नेहमीचा प्रश्न. इंजिन ट्यून करून शुद्ध इथेनॉलवर चालवलं आणि उद्या परत साधं पेट्रोल भरलं, तर काय होईल?

हिशोब सोपा आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९. म्हणजे इंजिनात तेवढीच हवा घेतली तर इथेनॉल वजनाने दीडपटीहून जास्त सोडावं लागतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत त्यासाठी मोठा जेट बसवायचा, नव्या गाडीत कॉम्प्युटरमधला 'मॅप' बदलायचा. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, म्हणून ठिणगीही थोडी आधी पाडता येते आणि ताकद मिळते. पण त्याच मॅपवर पेट्रोल भरलं की इंधन जास्त होतं, धूर येतो आणि ठिणगी लवकर पडल्यामुळे इंजिन ठोकायला लागतं. पिस्टन फुटायची वेळ येते ती अशी. उलट पेट्रोलच्या मॅपवर नुसतं इथेनॉल भरलं तर इंधन कमी पडतं, गाडी झटके खाते, थंडीत सकाळी चालूच होत नाही. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप खराब करतं. आणि लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. २० टक्के मिसळीत ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरू शकतं ते यामुळेच. त्यामुळे दोन इंधनांत ये-जा करायची तर दोन मॅप हवेत, आणि टाकीत नेमकी किती मिसळण आहे हे सांगणारा सेन्सर हवा.

ब्राझीलने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. तेलसंकटानंतर १९७५ साली त्यांनी उसाच्या अल्कोहोलची योजना आणली. १९७९ मध्ये फियाट १४७ ही नुसत्या अल्कोहोलवर चालणारी गाडी निघाली, आणि काही वर्षांतच तिथल्या बहुतेक नव्या गाड्या तशाच झाल्या. मग १९८९-९० च्या सुमाराला अल्कोहोलचा तुटवडा पडला. कारखान्यांना साखर करणं परवडत होतं, आणि लोक रिकाम्या पंपांवर रांगा लावून उभे! एकाच इंधनाला बांधलेल्या गाडीवरचा विश्वास तेव्हा उडाला. तो परत आला २००३ मध्ये, फोक्सवॅगन गोल ही कुठल्याही मिसळीवर चालणारी 'फ्लेक्स' गाडी आल्यावर.

मला यात आपल्या कारखान्यांची गोष्ट दिसते. कारखानासुद्धा दोन मॅपवर चालतो, एक साखरेचा आणि एक इथेनॉलचा. २०१८ च्या धोरणाने उसाच्या रसापासून आणि बी-हेवी मळीपासून इथेनॉल करायला वाट मोकळी केली. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारल्या. २०२३ ला पाऊस कमी झाला आणि डिसेंबरात केंद्राने रसापासून इथेनॉल करायला अचानक मनाई केली. आठवडाभरातच ती थोडी सैल झाली, पूर्ण उठली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. भर हंगामात मॅप बदलला, तो असा.

यात सर्वांत कमी बोललं जातं ते पाण्याबद्दल. परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. अशा जिल्ह्यात ऊस किती लावायचा हा प्रश्न पेट्रोलचा नाही, प्यायच्या पाण्याचा आहे. आणि रसाची साखर झाली काय, इथेनॉल झालं काय, कोयत्याला मजुरी मिळते ती तोडलेल्या टनावरच. ऊसच कमी आला तर उचल फिटत नाही, पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते.

असो. मी इथेनॉलच्या विरोधात नाही. परदेशी तेलाचे पैसे इथल्या शेतकऱ्याकडे आले तर आनंदच आहे. फक्त गाडीत जसा सेन्सर लागतो तसा धोरणातही हवा, धरणात पाणी किती उरलंय ते बघून उसाचा हिशोब करणारा. माजलगाव धरणाच्या आसपास राहणाऱ्या मंडळींनी यावर जरूर लिहावं. तुमच्याकडचे अनुभव वाचायला आवडतील.