पात्याची झीज

घडीच्या चाकूची छाप पात्याच्या बुडाशी असते आणि तो कुठला ते सांगते. त्याने कोणाकडे काय काम केलं, ते मात्र झिजेवरून कळतं. मी जुने चाकू जमवतो ते या झिजेसाठी. कोरा, चकचकीत चाकू कुणी पुढे केला तरी माझा हात खिशाकडे जात नाही.

बोदवड कापसाचं गाव, आमचं घर अडत्याचं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि खानदेशच्या कापसाला भाव चढला. पाठोपाठ १८६७ मध्ये भुसावळहून निघालेले रूळ नागपूरला पोचले. इकडचा कापूस मुंबईला जाऊ लागला, तिथल्या गोदीत उतरलेला विलायती माल त्याच रुळांवरून इकडे येऊ लागला. आमच्या घरातला सगळ्यांत जुना चाकू शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सचा. तारा आणि क्रूस ही त्यांची छाप.

त्याला दोन पाती. मोठं सुतळी कापायला, गासडीचं तरट चिरून नमुना काढायला, शेतात कांदा-कैरी चिरायला. लहान पातं बोरूसाठी: टोक तिरपं तासायचं, मधोमध चीर द्यायची. पणजोबा मोडीत वह्या लिहीत आणि बोरूचं टोक सारखं बसे. मोठं पातं बरंचसं शाबूत आहे, लहान निम्मं उरलंय. म्हणजे त्या चाकूने कापसापेक्षा हिशेबच जास्त पाहिला. टाक आणि फाउंटन पेन आल्यानंतरच्या माझ्याकडच्या चाकूंत लहान पातं जवळजवळ कोरं आहे.

शिकारीच्या चाकूंची गोष्ट वेगळी. २८ एप्रिल १८१९ रोजी वाघाच्या मागावर आलेल्या जॉन स्मिथने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात चित्रावरच आपलं नाव आणि तारीख कोरली. हत्यार जवळ असलं की हात शिवशिवतो, तो असा. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली. सांबरशिंगाचा व्यापारही बंद आहे, म्हणून तसल्या मुठीचा चाकू मी विकत घेत नाही.

चाकूला गुंडाचं हत्यार ठरवलं ते रामपुरीने आणि सिनेमाने. खटका उघडल्याचा आवाज पडद्यावर इतका गाजला की खिशात चाकू बाळगणारा अडत्याही संशयित झाला. कायदा मात्र माप बघतो. १९६२च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्रांत धरलं, आणि त्यातूनही घरकामाची व शेतीची अवजारं वगळली.

हल्ली विकणारे जुना चाकू आधी सराणीवर धरतात, पॉलिश मारतात आणि दुप्पट किंमत सांगतात. छाप पुसते, झीज सपाट होते. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते मांडलेत ते घरोघरच्या हातांचा इतिहास म्हणून. अडत्याच्या खिशातला चाकूही त्याच रांगेतला. घरात सापडला तर तेलाचं बोट फिरवा आणि शिकलगाराकडे नेऊ नका.