अ‍ॅग्नेस सॅम्प्सन : कीथची जाणती बाई

अ‍ॅग्नेस सॅम्प्सन ही सोळाव्या शतकातली स्कॉटलंडमधली सुईण. एडिंबरोजवळच्या ईस्ट लोदियन भागात, नेदर कीथ गावी ती राहत असे. बाळंतपणे करणे, आजाऱ्यांवर उपचार करणे, रोगी जगेल की जाईल ते सांगणे हे तिचे काम. लोक तिला ‘कीथची जाणती बाई’ म्हणत. गोरगरीबच नव्हे, तर प्रतिष्ठित घरच्या स्त्रियाही तिला बोलावत. २८ जानेवारी १५९१ रोजी चेटकीण ठरवून तिला एडिंबरोच्या कॅसल हिलवर गळा आवळून मारले आणि देह जाळला.

तिच्यावर ५३ आरोप होते. ते वाचताना आम्ही एका गोष्टीपाशी अडलो. त्यातले कितीतरी आरोप चक्क रोगी बरे केल्याचे आहेत! डालकीथच्या रॉबर्ट कर्सचे दुखणे तिने स्वतःवर घेतले, सकाळपर्यंत कण्हत राहिली, मग ते मांजरा-कुत्र्याला लागावे म्हणून अंगणात टाकले. पण ते लागले अलेक्झांडर डग्लसला आणि तो झिजून मेला. कर्स मात्र ठणठणीत झाला. म्हणजे एक जण बरा झाला हा पुरावा, आणि दुसरा मेला हाही पुरावा. रोग्यासाठी ती म्हणत असलेली प्रार्थनासुद्धा मंत्र ठरली. ती प्रार्थना जुन्या कॅथलिक वळणाची होती आणि देश तोवर प्रोटेस्टंट झाला होता, हेही इथे ध्यानात घ्यावे.

प्रकरण सुरू झाले ते ट्रॅनेंट गावात. डेव्हिड सीटन या अधिकाऱ्याच्या घरची मोलकरीण गेलिस डंकन रोगी बरे करू लागली. मोलकरणीला ही विद्या आली कुठून, असा मालकाला संशय आला. त्याने तिची बोटे शिकंज्यात चिरडली, डोके दोरीने आवळले. तिच्याकडून नावे वदवून घेतली, त्यात अ‍ॅग्नेसचे नाव आले.

त्याच सुमारास राजा सहावा जेम्स डेन्मार्कच्या अ‍ॅनशी लग्न करून १५९० मध्ये समुद्रमार्गे परतला होता. प्रवासात वादळे झाली होती, आणि ती चेटकिणींनी उठवली असे डेन्मार्कमध्ये आधीच ठरले होते. मग होलीरूड राजवाड्यात राजाने स्वतः अ‍ॅग्नेसची चौकशी केली. तिने नाकारले. तेव्हा अंगावरचे केस भादरून ‘सैतानाची खूण’ शोधली, डोक्याला दोर बांधून तासभर पिळला. त्यानंतर ती हवे ते बोलू लागली. एका सुईणीचा खटला असा राजद्रोहाचा झाला.

तिच्या रोग्यांचीही सुटका नव्हती. १५६३ च्या कायद्यात चेटूक करणाऱ्याइतकाच सल्ला घेणाराही मृत्युदंडाला पात्र होता. युफेम मॅककॅल्झीन या श्रीमंत स्त्रीवरच्या आरोपांत, बाळंतकळा कमी व्हाव्यात म्हणून अ‍ॅग्नेसची मदत घेतली, हाही एक आरोप होता. जून १५९१ मध्ये तिला जिवंत जाळले. कळा कमी करून मागणे हाही गुन्हा!

‘जो उतरवतो तो लावूही शकतो’ हे वाक्य आम्ही आपल्याकडच्या गावांतही ऐकले आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने मात्र बाजू उलटवली : एखाद्याला करणी करणारा म्हणून बदनाम करून त्याचे जगणे मुश्कील करणे, हाच इथे गुन्हा आहे. अ‍ॅग्नेसचे उपचार शास्त्रीय होते असा आमचा दावा नाही. ते तपासायला हवे होते. तपासले गेले तिचे शरीर.

राजा जेम्सने १५९७ मध्ये चेटूकविद्येवर ‘डेमनॉलॉजी’ हा ग्रंथ लिहिला. १५६३ चा कायदा १७३६ मध्ये रद्द झाला. स्कॉटलंडमधल्या ३,८३७ आरोपींची नोंद संशोधकांनी जमवली आहे, त्यात सुमारे ८४ टक्के स्त्रिया. ८ मार्च २०२२ रोजी तिथल्या प्रमुख मंत्री निकोला स्टर्जन यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. शिक्षा रद्द करणारा तो कायदा नव्हता.

गेलिस डंकनलाही १५९१ च्या डिसेंबरात मारण्यात आले. मरणापूर्वी तिने युफेमवरचे आपले आरोप खोटे असल्याचे सांगितले होते. तोवर युफेमला जाळून पाच महिने झाले होते.