तज्ज्ञांचा सल्ला आणि सरकारचा निर्णय

नव्या विद्येची पारख राज्यकर्त्याने करावी तरी कशी? ज्या शास्त्राची कचेरीत कोणाला ओळखही नाही, त्यावर लोकांचा पैसा खर्चण्यापूर्वी जाणत्यांना विचारणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. मात्र ही विचारणा कोठे थांबवावी, हे ओळखणे हाही त्याच शहाणपणाचा भाग आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा इतिहास या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे.

१८९८ साली जमशेटजी टाटांनी संशोधनाच्या विद्यापीठासाठी सुमारे ३० लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली. त्या वर्षाच्या अखेरीस, मुंबईच्या बंदरात नुकत्याच उतरलेल्या लॉर्ड कर्झनपुढे ही योजना मांडण्यात आली. त्यांच्या शंका दोन होत्या: शिकावयास विद्यार्थी येतील काय, आणि शिकून सवरून बाहेर पडल्यावर त्यांना काम कोण देणार? तिजोरीच्या राखणदाराने असे प्रश्न विचारू नयेत, असे कोण म्हणेल?

मग तज्ज्ञांना पाचारण झाले. रसायनशास्त्रज्ञ सर विल्यम रॅम्से यांनी देशभर हिंडून बंगळूरची शिफारस केली. सरकारने तेवढ्यावर न थांबता मेलबर्नचे प्राध्यापक मॅसन आणि रुरकीचे कर्नल क्लिबॉर्न यांच्याकडून १९०१ मध्ये दुसरा अहवाल मागविला. अहवालांवर पत्रव्यवहार होत राहिला, आणि १९०४ च्या मे महिन्यात जमशेटजी निवर्तले. म्हैसूर दरबाराने मात्र ३७१ एकर जमीन दिली. १९०९ साली संस्था कायद्याने अस्तित्वात आली व १९११ साली पहिले विद्यार्थी दाखल झाले.

तज्ज्ञांचे परिश्रम व्यर्थ गेले, असे नव्हे. जागा, विषय आणि माणसे यांची निवड त्यांच्याच सल्ल्याने झाली. रॅम्से यांचे सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स हे पहिले संचालक झाले. परंतु कर्झनसाहेबांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही अहवालात सापडण्याजोगे नव्हते. ते काळाच्याच उदरात होते. १९४० साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी बंगळुरात विमानाचा कारखाना काढला. १९४२ साली संस्थेत विमानविद्येचा विभाग उघडला. त्याच्या उभारणीत ज्यांचा हात होता, ते कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे पुढे त्या कारखान्यात गेले, आणि त्यांच्या आराखड्यानुसार घडलेले 'एचटी-२' विमान १९५१ साली आकाशात झेपावले. काम आधी आणि विद्या मागून, असा हिशेब धरला असता, तर हे विमान कोणी रचले असते?

शासनाने तज्ज्ञांना जरूर विचारावे; एकाला नव्हे, चौघांना विचारावे. पण तज्ज्ञ वाट दाखवितात. त्या वाटेवर पहिले पाऊल टाकण्याची जोखीम ज्याची त्यानेच घ्यावयाची असते. चुकीच्या खर्चाची नोंद हिशेबात होते, लांबलेल्या निर्णयाची होत नाही. म्हणूनच ती नोंद आपण मनाशी ठेवली पाहिजे.