खाणीच्या विषारी मातीत गवत कसं टिकतं?
झाडं लावली की ती जमिनीतला धातू शोषून माती साफ करतात, असं मलाही वाटायचं. वेल्समधल्या जुन्या खाणींबद्दल वाचलं आणि मत बदललं.

तिथल्या शिसं, जस्त, तांब्याच्या टाकाऊ ढिगाऱ्यांवर कुरणाचं साधं बी पेरलं तर धातूमुळे मुळांची वाढच थांबते. तरी काही ढिगाऱ्यांवर गवत आपोआप आलेलं होतं! जात तीच, पण असंख्य रोपांतली जी मोजकी तगली, त्यांची ही पिढी. अँथनी ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच गवतांपासून वाण तयार केले: चुनखडीयुक्त शिसं-जस्ताच्या मातीसाठी 'मर्लिन', आम्लधर्मी मातीसाठी 'गोगिनन', तांब्यासाठी 'पॅरिस' (हे नाव वेल्समधल्या पॅरिस माउंटन खाणीचं, फ्रान्सशी संबंध नाही). खत मात्र द्यावंच लागतं, कारण ढिगाऱ्यात नत्र-स्फुरद जवळपास नसतंच.

आता महत्त्वाचं. हे गवत धातू काढत नाही, माती धरून ठेवतं. त्यामुळे विषारी धूळ कमी उडते, पावसात ढिगारा ओढ्यात कमी वाहतो. धातू तिथेच राहतो, थोडा पानांतही उतरतो. म्हणून हिरवंगार दिसलं तरी तिथे गुरं चरायला सोडू नका.