जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची ओढ: कारण शोधायचं कसं?

खिशात मावणाऱ्या पण आपल्या काळात महाग असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांना सध्या पुन्हा मागणी आली आहे. रिको जीआर डिजिटल (२००५), पॅनासॉनिक एलएक्स३ (२००८), कॅनन एस९५ (२०१०) अशी नावं लोक सेकंडहँड बाजारात शोधत असतात. का, असं विचारलं की एक ठरलेलं उत्तर येतं: ‘त्यात सीसीडी सेन्सर आहे, त्याचे रंगच वेगळे!’ संशोधनात उतरायचं असेल तर असं तयार उत्तर थेट वहीत उतरवू नका. आधी तपासा.

सीसीडीची कल्पना १९६९ साली बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी मांडली. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. प्रकाश पडला की प्रत्येक बिंदूवर विद्युतभार साठतो आणि तो शेजारच्या बिंदूकडे सरकत सरकत कडेला जाऊन मोजला जातो. आग विझवताना रांगेतली माणसं बादली पुढे देतात ना, तसंच. पण या चिपला स्वतःला रंग कळत नाही. तिच्यावर लाल, हिरवे, निळे बारीक फिल्टर असतात आणि शेवटचा रंग कॅमेऱ्यातला प्रोसेसर ठरवतो. सीमॉस सेन्सरमध्येही हेच होतं.

आता तुलना करू. एस९५ मध्ये सीसीडी होता, २०११ च्या एस१०० मध्ये सीमॉस आला. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले, फरक दिसला, की झालं सिद्ध? नाही. सेन्सरबरोबर लेन्स बदलली आणि प्रोसेसरही डिजिक ४ चा डिजिक ५ झाला. तीन गोष्टी एकदम बदलल्या, मग श्रेय एकीलाच कसं द्यायचं? शिवाय त्या काळातल्या स्वस्त कॅमेऱ्यांतही सीसीडीच असायचा. म्हणजे महागड्या कॅमेऱ्याचं वेगळेपण निव्वळ सीसीडीत असू शकत नाही. ते जास्त प्रकाश घेणाऱ्या लेन्समध्ये, हाताने करायच्या सेटिंग्जमध्ये, रॉ फाइलच्या सोयीत शोधावं लागेल. मेगापिक्सेलच्या शर्यतीत कॅननने जी१० चे १४.७ मेगापिक्सेल जी११ मध्ये १० वर आणले, तेही २००९ सालीच.

मग लोकांची आवड खोटी का? मुळीच नाही. आवड ही वस्तुस्थिती आहे, तिचं सांगितलेलं कारण हा एक दावा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिका.

आता तारखा बघा. जपानच्या कॅमेरा उत्पादक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. तोच उच्चांक ठरला. २०२० पासून वर्षाचा आकडा १ कोटीच्याही खाली आहे. इन्स्टाग्राम आलं ऑक्टोबर २०१० मध्ये. म्हणजे कॉम्पॅक्टमधून सीसीडी जात होता, नेमका त्याच सुमारास फोटो काढण्याचं काम फोनकडे चाललं होतं. चिप बदलली आणि सवयही बदलली. माझं म्हणणं असं की आज सीसीडीच्या नावावर जमा होणारी बरीचशी ओढ त्या सवयीची आहे: काढलेला फोटो लगेच कुणाला पाठवता न येणं, कॅमेरा फक्त कॅमेराच असणं.

पण हाही एक दावाच, त्यामुळे त्यालाही तीच कसोटी लावा. एकच दृश्य दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपा, रॉ फाइली एकाच सॉफ्टवेअरमधून काढा आणि नावं झाकून लोकांना ओळखायला सांगा. मग त्याच लोकांना विचारा की हा कॅमेरा तुम्ही कधी, कुठे, कशासाठी बाहेर काढता. पहिल्या भागात लोक गोंधळले आणि दुसऱ्यात भरभरून बोलले, तर माझ्या म्हणण्याला बळ मिळेल. नावं झाकूनही त्यांनी सीसीडी अचूक ओळखला, तर मला ते मागे घ्यावं लागेल. तुमचा प्रस्ताव लिहिताना हे दुसरं वाक्य आधी लिहून बघा. ते लिहिता येत नसेल, तर प्रश्न अजून तयार झालेला नाही.