इंग्रजांच्या कपाळावरच्या आठ्या

सॅम्युएल रॉजर्स हे लंडनमधले सधन बँकर आणि त्या काळचे नावाजलेले कवी. त्यांच्या घरच्या न्याहारीचं आमंत्रण येणं मानाचं समजलं जाई. १८५५मध्ये, नव्वदी ओलांडून ते वारले. उतारवयात त्यांना ‘बाल्कनी’ असह्य झाली होती. सज्जा नव्हे, उच्चार. त्यांच्या तरुणपणी सभ्य माणसं ‘बल-को-नी’ म्हणत, जोर मधल्या ‘को’वर. नवी पिढी पहिल्याच अक्षरावर जोर देऊन मोकळी होऊ लागली. ‘कंटेम्प्लेट’चंही तसंच झालं होतं, ते त्यांनी नाइलाजाने गिळलं. ‘बाल्कनी’ने मात्र आपल्याला मळमळतं, असं ते बोलून दाखवत. आज कुणी रॉजर्ससारखं ‘बल-को-नी’ म्हटलं, तर त्यालाच लोक अडाण्यात काढतील.

इंग्रजीत या चिडचिडीची परंपरा जुनी आहे, आणि गंमत म्हणजे ती चालवण्यात आयरिश मंडळी पुढे होती. १७१२मध्ये जोनाथन स्विफ्टने रॉबर्ट हार्ली या बड्या मंत्र्याला उद्देशून एक जाहीर पत्र छापलं: भाषा बिघडत चालली आहे, ती दुरुस्त करून कायमची पक्की करायला जाणत्यांची एक मंडळी नेमा. त्याचा राग कशावर? लोक ‘डिस्टर्ब-एड’ असं तीन अक्षरी न म्हणता ‘डिस्टर्ब्ड’ म्हणतात, शेवटचा स्वर खाऊन टाकतात, यावर. मात्रा जुळवण्यासाठी शब्द छाटणारे कवीच याला जबाबदार, असं त्याचं म्हणणं. एका लॅटिन शब्दजोडीचं शेपूट तोडून बनलेला ‘मॉब’ही त्याच्या डोळ्यांत सलत होता. १७१४मध्ये हार्लीची सत्ता गेली, पाठोपाठ राणी ॲन वारली आणि मंडळीचा बेत बारगळला. ‘मॉब’ मात्र मजेत आहे.

स्विफ्टचा धर्मपुत्र थॉमस शेरिडन याने गाऱ्हाण्याचा धंदा केला. हा आयरिश नट. १७६१मध्ये त्याने एडिंबरोत जाऊन स्कॉटिश उमरावांना आणि वकिलांना इंग्रजी कसं बोलावं यावर व्याख्यानं दिली. १७०७पासून स्कॉटलंडची संसद लंडनात विलीन झालेली. तिथे बढती हवी तर जिभेवरचं गाव पुसायला हवं, हे ऐकणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. शुद्ध उच्चाराची हौस पोटापाण्यापासून वेगळी कधीच नव्हती. १७८०मध्ये शेरिडनचा शब्दकोश आला आणि १७९१मध्ये त्याला मागे टाकणारा जॉन वॉकरचा. हाही रंगभूमीवरूनच आलेला.

वॉकरचा कोश उघडून पाहावा. शब्दारंभीचा ‘ह’ खणखणीत उच्चारावा, असा त्याचा दंडक. पण ‘ह’ मुका ठेवायच्या शब्दांची यादीही तो सोबत देतो. तिच्यात ‘ऑनेस्ट’ आणि ‘अवर’ आहेत, ते आजही तसेच. पण त्याच यादीत ‘हॉस्पिटल’, ‘हंबल’ आणि ‘ह्यूमर’ही आहेत! म्हणजे १७९१च्या सुशिक्षिताने ‘ऑस्पिटल’ म्हणायचं. जेमतेम साठ वर्षांनी, ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ या कादंबरीतला लबाड युराया हीप सारखा स्वतःला ‘अंबल’ म्हणवतो, आणि तेवढ्यावरून त्याची पायरी वाचकाला कळते. काल कोशात बरोबर असलेला उच्चार आता हलक्या घराची खूण झाला होता. १८५४मध्ये तर ‘ह’ची कैफियत मांडणारी एक छोटी पुस्तिकाच निघाली. नव्याने पैसा आलेल्या कुटुंबांना या अक्षराची धास्ती होती.

व्याकरणाचंही असंच. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय नको, ही शिस्त १७६२च्या व्याकरणात रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने सौम्यपणे सुचवली होती, आणि सुचवताना स्वतःचं वाक्य खुशाल तसंच संपवलं होतं. पुढच्या मास्तरांनी विनोद गाळला, छडी ठेवली.

सगळ्यात अन्याय झाला तो ‘आक्स’वर. ‘आस्क’ऐवजी ‘आक्स’ म्हणणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकनांना किंवा कॅरिबियन वंशाच्या लंडनकरांना ऐकून लोक आजही नाकं मुरडतात. पण हा उच्चार जुन्या इंग्रजीपासूनचा आहे. मध्ययुगीन कवी चॉसरने तो वापरला, १५३५च्या कव्हरडेलच्या बायबलातही तो आहे. तो चुकीचा का ठरला, याचं उत्तर ध्वनिशास्त्रात सापडत नाही. तो कुणाच्या तोंडी उरला हे पाहिलं की सापडतं. अक्षरांची अशीच अदलाबदल होऊन ‘ब्रिड’चा ‘बर्ड’ झाला, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

१९२६मध्ये बीबीसीने निवेदकांच्या उच्चारांसाठी सल्लागार समिती नेमली. अध्यक्ष राजकवी रॉबर्ट ब्रिजेस, सभासदांत ध्वनितज्ज्ञ डॅनिअल जोन्स आणि, पुन्हा एक आयरिश, बर्नार्ड शॉ. १९३०मध्ये ब्रिजेस गेल्यावर अध्यक्षपद शॉकडेच आलं. १९३९मध्ये युद्ध पेटलं आणि समितीचं काम थांबलं.

१९४१मध्ये त्याच बीबीसीने राष्ट्रीय बातम्या वाचायला विल्फ्रेड पिकल्स हा यॉर्कशायरचा गडी बसवला. शत्रूला निवेदकांची नक्कल सोपी जाऊ नये, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. उत्तरेकडच्या श्रोत्यांना त्याने ‘गुड नाइट’ऐवजी ‘गुड नीट’ म्हणून निरोप दिला आणि तक्रारींचा पाऊस पडला: असल्या उच्चारातल्या बातमीवर विश्वास कसा ठेवायचा? पिकल्स उत्तरेत परतला. १९४६पासून मात्र त्याच आवाजातला त्याचा ‘हॅव अ गो’ हा कार्यक्रम लागला, की देशभरातले लाखो लोक रेडिओला कान लावून बसत.