'वांझ' कोण? एका जनुकाचा शोध आणि पुण्यातला जुना प्रश्न (धागा)

१/ सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून मराठेशाहीची कागदपत्रे जपत आले आहे. त्या काळाच्या साधनांत एक शब्द वारंवार भेटतो : दत्तक. कारण, पोटी पुत्रसंतान नाही. ते का नाही, याचा जाब मात्र बहुधा स्त्रीलाच विचारला गेला.

२/ प्रश्न केवळ घरचा नव्हता. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेले दत्तक डलहौसीने नामंजूर केले आणि राज्य खालसा झाले. सामान्य घरांत याची किंमत बाई मोजत असे : नवस, उपास, टोमणे आणि अखेर सवत.

३/ जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना अपत्य नव्हते. दुसऱ्या लग्नाचा आग्रह झाला, तेव्हा जोतीरावांनी तो नाकारला. मूल न होण्याचे कारण पुरुषातही असू शकते, असे त्यांनी बजावल्याचे चरित्रकार सांगतात. पुढे या दांपत्याने काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला.

४/ या तर्काला गुणसूत्रांचा पुरावा मिळाला तो १९७६ मध्ये. तिएपोलो आणि झुफार्दी या इटालियन संशोधकांनी १,१७० पुरुष तपासले. वीर्यात शुक्राणूच नसलेल्या सहा जणांच्या वाय गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला आढळला.

५/ १९९५ मध्ये अमेरिकेत डेव्हिड पेज यांच्या गटाने शुक्राणू नसलेल्या ८९ पुरुषांची तपासणी केली. १२ जणांत वाय गुणसूत्राचा असा भाग गहाळ होता. त्याच भागात सापडलेल्या जनुकाला त्यांनी 'डॅझ' हे नाव दिले.

६/ या जनुकापासून बनणारे प्रथिन संदेशवाहक आरएनएला चिकटते. खलिता पोहोचला, तरी तो वाचून अंमलात आणणारा कारभारी लागतो. या कुळातील प्रथिने शुक्राणू घडवणाऱ्या पेशींत तसेच काम करतात : कोणत्या संदेशावरून प्रथिन केव्हा आणि किती बनावे, याचे नियमन. वाय गुणसूत्र स्त्रीत नसतेच. तेव्हा हा दोष तिच्या माथी मारताच येत नाही.

७/ यावरून कोणा ऐतिहासिक पुरुषाचे निदान करू नये. वंध्यत्वाची कारणे अनेक आहेत, स्त्रीतही आणि पुरुषातही. मात्र जुन्या कागदात 'निपुत्रिक' हा शब्द आला, की आपण नकळत राणीकडे बोट दाखवतो. कागद फक्त संतान नसल्याचे सांगतो. दोष कोणाचा, हे आपण त्यात घातलेले असते. दत्तकाचे पुढचे प्रकरण वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.